गॅलरी कुठल्या दिशेला?

१४ मे २००३. सेट टॉप बॉक्स घ्यायला मेन रोडवर गेले. हे मस्कतला नोकरीला होते. पुढच्या महिन्यात सासूबाईंना घेऊन मी तिकडे जाणार होते, पण मराठी मालिका दिसणार नसतील तर त्या विमानात बसायला तयार नव्हत्या.

दुकानदाराने चार डबे मांडले. एकाला कार्ड लागतं, दुसऱ्याला नाही, तिसऱ्याचं कार्ड परदेशात चालत नाही. मी सगळं वहीत लिहून घेतलं आणि वाचून आणखी गोंधळले.

डिश बसवणारा मिस्त्री स्टुलावर बशीतून चहा पीत होता. कानावर स्क्रूड्रायव्हर खोचलेला. बोलायच्या आधी तो दारातून ऊन कुठे आहे ते बघे.

"ताई, तिकडं गॅलरी कुठल्या दिशेला?"

"कोण जाणे! घर ह्यांनी भाड्याने घेतलंय."

"मग डबा काय निवडता? चार वर्षं मी तिकडं डिशच बसवल्या. गच्चीवर मालक लावू देत नाय." त्याने तळहात तिरका धरला. "गॅलरीतून आग्नेयेचं, सकाळचं ऊन येतं तिकडचं आभाळ दिसलं पाहिजे. नाय तर भारीतला डबा पण आंधळा."

मी वही मिटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांना फोन लावला. "गॅलरीत ऊन कधी येतं?"

"कधीच नाही," हे अभिमानाने म्हणाले. "म्हणून तर हे घर घेतलं!"

मी त्यांना दुसरं घर बघायला सांगितलं.