वाळूतला गाळ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही. आणि संताप याचा येतो, की कुणी कधी विचारलंसुद्धा नाही.

मी डोंबिवलीतल्या एका खासगी प्रयोगशाळेत काम करते. खाडीकाठी कीटकनाशकांचा एक कारखाना आहे, त्याचा नाला खाडीत उतरतो. नाल्याच्या तोंडाशी मासे मरून तरंगले, गावाने ओरड केली, म्हणून तळाचा गाळ तपासायचं काम आमच्याकडे आलं — कारखान्याकडूनच! चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, दुसरं काय?

हे विष पाण्यात फार राहत नाही. ते बसतं तळाच्या मऊ, काळ्या चिखलात; वाळूला फारसं धरत नाही. हे कळावं म्हणूनच शिकले ना मी? निघताना आमचे प्रयोगशाळेतले साहेब सहज म्हणाले, "वाळूतला घे, चाळायला बरा पडतो." मी — मान डोलावली.

गावातल्या हिराबाईंनी मला होडीतून नेलं. ओहोटीला चिखलात उतरून, पायाने चाचपून खुबे, म्हणजे खायचे गोल शिंपले, काढायचे, हा त्यांचा पिढीजात धंदा. मासे मेल्यापासून त्यांनी तो बंद ठेवला होता. त्या होडी नाल्याकडे वळवत होत्या. मीच म्हटलं, नको, मधे चला. मधे धार होती, स्वच्छ वाळू होती. साहेबांना शिव्या घालते मी अजून — पण गाळ उचलायचा डबा तळाशी कुणी सोडला? त्यांनी?

गाळात काही सापडलं नाही. सापडणार कुठून? ते सांगायला गावात मलाच पाठवलं. हिराबाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "पोरांना खुबे देव ना गो बाय आता?"

"द्या की," मी म्हटलं. हसून म्हटलं. याची लाज सर्वांत जास्त वाटते.

त्या तशाच ओहोटीत उतरल्या, नाल्याच्या तोंडाशी, जिथे खुबे दाट असतात. पहिली ओंजळ माझ्या पिशवीत घातली. "ने घरा, कालवण कर."

घरी माझाही मुलगा आहे. त्याला खुबे फार आवडतात. स्टेशनबाहेर रिक्षातून उतरले आणि पिशवी कचराकुंडीत टाकली. मग नळावर हात धुतले, दोनदा. तेव्हा तिकडे हिराबाईंच्या चुलीवर कालवण उकळत असणार.