माझे 'नाही' लिहून घेणाऱ्या वसुधाताई

डॉ. वसुधाताई यंदा पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. या गौरवग्रंथात त्यांच्याबरोबर काम केलेले डॉक्टर आणि वकील लिहितील. मी त्यांचा सहकारी नाही. जेलमध्ये दगावलेल्या ज्या माणसांच्या मृत्यूची त्यांनी चौकशी केली, त्यांपैकी एकाचा, अविनाशचा, मी थोरला भाऊ आहे.

पाच वर्षांपूर्वी त्या अमेरिकेत चँडलरमधल्या आमच्या घरी प्रथम आल्या, तेव्हा अविनाशला जाऊन पंधरा दिवस झाले होते. मराठी मंडळातले कोणी ना कोणी रोज डबा घेऊन येत असे. दारातल्या पांढऱ्या केसांच्या बाई मला त्यांच्यापैकीच वाटल्या. "या काकू," म्हणून मी पत्नीला चहा टाकायला सांगितले. त्यांनी चहा नको म्हटले.

"हे जेल ज्या काउंटीचं, तिनं मला चौकशीला नेमलंय. पण मी काउंटीची नाही आणि तुमचीही नाही. काम संपेपर्यंत मला डॉक्टर म्हणा."

अविनाशला लहानपणापासून फिट्स येत. गोळ्या घेतल्या की तो ठीक असे. हे आम्ही इथे कोणालाच सांगितले नव्हते. कळले तर गाडीचे लायसन्स जाईल, मग नोकरी, आणि नोकरीबरोबर व्हिसा. नागपूरला त्याचे लग्नही ठरत आले होते. न्यूयॉर्कचे टॉवर पडल्यानंतरच्या त्या काळात आपल्याबद्दल कुठे काही नोंदले जाऊ नये, असे आम्हा सगळ्यांनाच वाटे.

त्या दिवशी गाडी चालवताना त्याला फिट आली आणि गाडी दुभाजकावर चढली. नंतरच्या गुंगीत तो पोलिसांचे हात झटकू लागला. त्यांना तो प्यायलेला वाटला आणि त्यांनी त्याला जेलमध्ये टाकले. जेलच्या नर्सने मला फोन करून विचारले, याला काही आजार आहे का, काही औषध घेतो का. मी सांगितले, नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तो कोठडीत मृत सापडला. गोळ्या त्याच्या गाडीतच राहिल्या होत्या.

वसुधाताई जेलमध्ये गेल्या, तेव्हा आधी पहारेकऱ्याच्या खुर्चीत बसल्या आणि मग अविनाशच्या बाकावर आडव्या झाल्या. खुर्चीतून बाकावरच्या माणसाचे फक्त पाय दिसतात, हे त्यांनी लिहून ठेवले. 'झोपला आहे' या दर अर्ध्या तासाच्या नोंदी एकाच बैठकीत भरलेल्या आहेत, हेही त्यांनी पकडले. अधिकारी 'तो कैदी' म्हणत, तेव्हा त्या दर वेळी शांतपणे "अविनाश" म्हणत. शेवटी तेही तसेच म्हणू लागले.

नंतर त्यांनी मला त्या फोनबद्दल विचारले. मी खरे ते सांगितले आणि ते अहवालात नको, अशी विनंती केली. जेलच्या एवढ्या चुका असताना माझा एक शब्द गाळला तर काय बिघडेल, असेही म्हणालो. नागपूरला आईला त्या फोनचे काहीच माहीत नव्हते.

त्या म्हणाल्या, "तुमचं 'नाही' मी गाळलं, तर उद्या जेलवाले त्यांच्या खोट्या नोंदी गाळा म्हणतील. त्यांना काय सांगू? पण आईंना हे तुमच्या तोंडून कळू दे. आत्ता फोन लावा. मी बसते इथं."

भारतात फोन लावायच्या कॉलिंग कार्डचा नंबर मी दोनदा चुकवला. आईने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "त्याच्या शाळेच्या फॉर्मवर फिट्सचं मीच लिहू दिलं नव्हतं रे. तू माझ्याकडूनच शिकलास."

अहवाल देण्याआधी तो मृताच्या घरच्यांना पूर्ण वाचून दाखवायचा, हा वसुधाताईंचा नियम आहे. आम्हालाही त्यांनी तो वाचून दाखवला. 'भावाने भीतीपोटी नाही असे सांगितले' हे वाक्य वाचताना त्यांनी आवाज खाली आणला नाही. पुढे लिहिले होते की घरचे काहीही म्हणोत, इतके तास गुंगीत असलेल्या माणसाला इस्पितळात न्यायलाच हवे होते. जेलने घरच्यांना आजाराबद्दल विचारण्याआधी का विचारतो आहोत ते सांगावे, उत्तर फक्त उपचारासाठी आहे, लायसन्स किंवा व्हिसाच्या कचेरीत जाणार नाही, असे स्पष्ट सांगावे आणि थोड्या वेळाने पुन्हा विचारावे, अशी त्यांची शिफारस होती. काउंटीने ती मान्य केली.

त्यानंतरच्या शनिवारी त्या पुन्हा आल्या. चपला काढून आत बसल्या. "आता चहा टाक," म्हणाल्या. "आणि आता काकू म्हण." अविनाशच्या फोटोसमोर बसून त्यांनी तो चहा सावकाश प्यायला.

माझ्या मनावरचे ओझे गेले, असे मी म्हणणार नाही. काकूंनीही तसे कधी म्हटले नाही. दर वर्षी अविनाश गेला त्या दिवशी त्या फोन करतात, फार बोलत नाहीत. यंदा मात्र त्यांनी एक गोष्ट सांगितली. एका जेलमधून एका आईला असाच फोन गेला. तिनेही आधी नाही म्हटले. पुन्हा विचारल्यावर म्हणाली, हो, त्याला डायबेटिस आहे, इन्सुलिन लागते. तिचा मुलगा घरी आला. काकूंनी नाव सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

काकूंना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. कोणाच्या घरी बसून अहवाल वाचून दाखवण्याची वेळ त्यांच्यावर कमी कमी येवो, आणि आमच्याकडे चहाला यायला त्यांना कसलेही कारण लागू नये.