खुळखुळ्यावरची फुलपाखरं

तुळशीचं लग्न उरकलं की येणाऱ्या रविवारी चुरमुऱ्यांच्या गिरमिटाचा डबा घेऊन अमरगोळच्या पलीकडच्या दलदलीवर जायचं, ही आमच्या घरची वहिवाट. इतर लोक देवाला जातात, आम्ही दोघी बहिणी चिखलात. थंडी पडू लागली की तिथल्या खुळखुळ्याच्या वाळत्या झुडपांवर निळ्या पट्ट्यांची फुलपाखरं इतकी बसत, की पान दिसत नसे. पलीकडे शराटी पक्षी चिखलात चोच खुपसत हिंडायचे आणि टिटवी उगाचच आमच्यावर ओरडायची. लहानपणी मी फुलपाखरू धरायला गेले की अक्का हातावर चापट मारायची. "हात लावू नको गं. रंग बोटाला आला की मेलंच ते."

यंदा अक्काची नजर जवळजवळ गेली. एक डोळा बंदच, दुसऱ्याला नुसते रंगांचे डाग दिसतात, आणि तेही पुढच्या हिवाळ्यापर्यंत टिकायचे नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं. ती रडली नाही. "एकदा ते निळं बघून येऊ," एवढंच म्हणाली.

रिक्षातून उतरलो. दलदल नव्हतीच. मुरूम टाकून सपाट केलेलं मैदान, फरशीची वाट, सिमेंटची बाकं. शराटी नाहीत, झुडपं नाहीत. आमच्यावर ओरडायला टिटवीसुद्धा उरली नव्हती. फेऱ्या मारणाऱ्या एका गृहस्थांना मी विचारलं, इथली झाडी कुठं गेली?

"भाळ सोळ्ळी इद्वरी," ते कानडीत म्हणाले, मग मराठीवर आले, "फार डास होते हो, जीव नकोसा केला होता. आम्ही कॉलनीवाल्यांनीच काढून टाकलं बघा सगळं. आता कसं छलो, झकास झालंय!"

माणूस भला होता, म्हणून जास्तच संताप आला. वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

अक्काला आता काय सांगावं, या विचारात वळले, तर ती एकटीच चाचपडत कुंपणाच्या भिंतीपाशी पोचली होती. भिंतीवर कुणीतरी नुकतीच मोठमोठी निळी फुलपाखरं रंगवली होती.

"आलीत की गं!" तिचा चेहरा उजळला. "केवढी जवळ!"

जन्मभर मला अडवणाऱ्या अक्कानं स्वतःच हात पुढं केला. मी धावले, पण तोवर बोटं भिंतीला टेकली होती. मग तिनं बोटं डोळ्यांपाशी नेली. ओला रंग लागला होता.

"रंग आला गं बोटाला," ती म्हणाली. "मेलं."