उजव्या अंगठ्याचं नख

ऑगस्ट लागला की मी उजव्या अंगठ्याचं नख कापत नाही. दिवाळीपर्यंत ते तसंच असतं. बाकीची नऊ बोटं स्वच्छ, प्राध्यापिकेला शोभतील अशी, आणि हे एकच दहावं खुरप्यासारखं पुढं आलेलं. स्टाफरूममध्ये नव्या आलेल्या बाया त्याच्याकडं बघतात आणि नजर वळवतात. एकीनं धीर करून विचारलं होतं, नवस वगैरे आहे का? नवस नाही, म्हटलं, हत्यार आहे.

वाटूरजवळच्या ज्या गावात मी वाढले, तिथं कपाशीचे सीड प्लॉट असतात. संकरित बियाणं आपोआप होत नाही, ते बायांना एकेका फुलावर हातानं करावं लागतं. आमच्याकडं त्याला सरसकट क्रॉसिंग म्हणतात. उद्या उमलणारी कळी आज दुपारी हेरायची. तिच्या बुडाशी अंगठ्याचं नख रुतवायचं, गोल फिरवायचं आणि पाकळ्या पुंकेसरांसकट एका हिसक्यात, टोपी काढावी तशा काढायच्या. आत उरते ती मादी. इवलीशी गाठ आणि तिच्यावर उभी काडी. तिच्यावर लाल कागद चढवायचा. सकाळी दव वाळलं की नराचं, म्हणजे दुसऱ्या वाणाचं, फूल आणून त्या काडीवर फिरवायचं आणि देठाला दोरा बांधायचा. नख जास्त रुतलं तर गाठ दुखावते आणि बोंड गळतं. कमी रुतलं तर पुंकेसर मागं राहतात आणि बी बाद होतं. किती रुतवायचं हे मला मायनं शिकवलं. तिला ते कुणी शिकवलं हे तिलाही आठवत नाही.

मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, तेव्हा आमच्या कॉलेजचा एका बियाणे कंपनीशी आणि बाहेरच्या एका विद्यापीठाशी करार झाला. विज्ञान शिकलेल्या पोरांना आपल्याच जिल्ह्यात काम मिळावं, पदवी घेऊन त्यांनी पुण्याच्या गाड्या धरू नयेत, हा त्यामागचा हेतू. हेतू चांगला होता आणि मी त्याच्या बाजूनंच बोलत आले आहे. हॉलमध्ये बॅनर लागला, शाली झाल्या, सह्या झाल्या. जालन्याच्या बियाण्याचं नाव देशभर आहे, असं तिघा वक्त्यांनी आळीपाळीनं सांगितलं. ते बियाणं करतं कोण, हे मात्र एकाच्याही तोंडून निघालं नाही. मी मागच्या रांगेत बसले होते आणि अंगठा मुठीत लपवला होता. त्या लपवण्याचा मला अजून राग येतो.

करारात बारा जागा होत्या. सहा महिने कंपनीच्या प्रयोगशाळेत आणि प्लॉटवर प्रशिक्षण, पुढं नोकरी. गुणांवर माझं नाव बारांत आलं, फक्त शेतातली एक चाचणी उरली होती. ती जागा मला हवी होती. मायनं दुसऱ्याच्या ओळीत वाकणं थांबवावं, इतकी हवी होती. आणि मला तर क्रॉसिंगचीच चाचणी द्यायची होती. माशाला पोहायला सांगितलं, असं मैत्रीण म्हणाली.

दुपारी तीन वाजता आम्हांला शहराबाहेरच्या प्लॉटवर नेलं. चाचणी घ्यायला बाहेरून एक तज्ज्ञ आले होते. भला माणूस वाटला, टोपी घातलेला, प्रत्येकाला नाव विचारणारा. त्यांनी प्रत्येकाच्या हातात एकेक चिमटा आणि कात्री दिली आणि पाच-पाच कळ्या नेमून दिल्या. पाकळ्या आधी कात्रीनं कापा, मग पुंकेसर चिमट्यानं एकेक करून उचला, म्हणाले. मी कात्री खाली ठेवली, चिमटा कानामागं खोवला आणि दोन कळ्या नखानं उरकल्या. तिसरीला हात घातला तर ते शेजारी येऊन उभे.

"हे काय करताय?"

"क्रॉसिंग करून राह्यले, सर." घाबरले की माझ्या तोंडातून गावच बाहेर पडतं.

त्यांनी माझा अंगठा बघितला. "ही मजुरांची पद्धत झाली. आपण इथं शास्त्रीय पद्धत शिकतोय. आणि नखं कापलेली हवीत हा प्रयोगशाळेचा नियम आहे, तुम्हांला कागद दिला होता ना? उद्या परागीकरणाला येताना हे नख कापून या. नाहीतर मला तुमचं नाव काढावं लागेल."

त्यांचा आवाज जराही चढला नाही. चढला असता तर मला भांडायला सोपं गेलं असतं. मी फक्त माझ्या दोन कळ्यांकडं बघितलं. दोन्ही स्वच्छ होत्या, एकही पुंकेसर मागं नव्हता. शेजारच्या मुलानं चिमट्यानं काढलेल्या कळीत चार-पाच तसेच होते आणि काडी वाकली होती. तीही त्यांनी बघितली आणि म्हणाले, सरावानं जमेल.

घरी आल्यावर मायला सांगितलं. मला वाटलं होतं ती चिडेल, त्या माणसाला चार शब्द ऐकवेल. तिनं कोनाड्यातलं ब्लेड काढलं.

"आण इकडं हात."

"माय, मी न्हाई कापणार."

"नख काय, महिन्यात येतं परत. तुझ्या रोजाच्या ओळी मी करीन. नोकरी लागून राह्यली अन् तू नखाला धरून बसली?"

तिनं माझा अंगठा धरला. तिच्या स्वतःच्या अंगठ्याचं नख पिवळं पडलेलं, कडेला चिरलेलं, वर्षानुवर्षांच्या कळ्यांच्या चिकानं काळपट झालेलं. ते माझ्या नखाच्या अगदी शेजारी आलं आणि मला रडू फुटलं. मी हात ओढून घेतला. म्हटलं, "हे कापलं तर माझं चुकीचं व्हतं असं मला कबूल करावं लागंल. अन् माझं चुकीचं म्हंजे तुझं बी चुकीचं."

तिनं आपलाच अंगठा उलटसुलट करून बघितला. मग ब्लेड कागदात गुंडाळून परत कोनाड्यात ठेवलं. "मंग नको कापू," म्हणाली. "पण खालच्या मानेनं घरी येऊ नको."

सकाळी मी पहिल्या एस.टी.नं प्लॉटवर गेले. सरांनी माझा हात बघितला, वहीत काहीतरी लिहिलं आणि मला बाभळीखाली बसायला सांगितलं. मी नाही बसले. बांधापलीकडं त्याच कंपनीचा मोठा प्लॉट होता, तिथं पन्नासेक बाया परागीकरणाला लागल्या होत्या. पुढच्या बाईला म्हटलं, मावशी, मला एक ओळ दे. तिनं माझे बूट बघितले, मग अंगठा बघितला आणि नराच्या फुलांची पाटी माझ्यापुढं सरकवली.

तासाभरानं सर बाकीच्या अकरांना घेऊन तिकडंच आले. प्रत्यक्ष उत्पादन कसं चालतं ते दाखवायचं होतं. बाया काम करत राहिल्या, मीही. आमच्या वर्गातली एक मुलगी, जी तीन वर्षांत कधी तोंड उघडून बोलली नव्हती, तिनं इकडंतिकडं बघितलं आणि अगदी साधेपणानं विचारलं, "सर, इथं चिमटे कुठं आहेत?"

सर म्हणाले, "इथं वेग लागतो. शास्त्र वेगळं, मजुरी वेगळी."

मी ओळीतून उठले. परागानं हात पिवळे झाले होते. "सर," म्हटलं, "या कंपनीच्या पिशवीतलं एकेक बी बायांच्या नखातून आलंय. चिमट्यातून आलेलं एक बी दाखवा. मी आत्ता, तुमच्यासमोर नख कापते."

कुणीतरी हसलं. ओळीतलीच कुणी बाई असावी. सरांचा चेहरा लाल झाला, पण त्यांनी तोल सोडला नाही. त्यांनी वही उघडली, माझ्या नावावर रेघ मारली आणि पोरांना घेऊन गेले. मी उरलेली ओळ पुरी केली. अर्धी सोडली असती तर त्या कळ्या वाया गेल्या असत्या आणि त्यात कळ्यांचा काय दोष?

तर ती जागा गेली. कुणी धावून आलं नाही, कंपनीचं पत्र आलं नाही. माझ्याऐवजी तेरावा गेला. त्या संध्याकाळी मी ताठ मानेनं घरी गेले आणि मग आठवडाभर मायच्या शेजारच्या ओळीत वाकून रोजानं काम केलं. हे सगळं फार शूरपणाचं होतं असं मला तेव्हा वाटत नव्हतं. आपण गाढवपणा केला, असंच रोज वाटायचं.

पुढं शिकवण्या घेऊन एम.एस्सी. केलं. तिथल्या ग्रंथालयात पीक-पैदाशीचं एक जाडजूड पुस्तक चाळत होते. कपाशीच्या प्रकरणात संकराच्या पद्धती दिल्या होत्या आणि त्यांत एक होती अंगठ्याच्या नखाची. कळीच्या बुडाशी नख रुतवा, गोल फिरवा, पाकळ्या पुंकेसरांसकट काढा. सगळं बराबर, माय सांगायची तसंच. आणि त्या पद्धतीला नाव कुणा परदेशी साहेबाचं. मी ते पान तीनदा वाचलं. मग हसू आलं आणि त्याच्या मागोमाग असा संताप, की पुस्तक जोरात मिटलं गेलं आणि ग्रंथपाल वर बघायला लागला. म्हणजे ते शास्त्रच होतं. छापलेलं होतं. त्या टोपीवाल्या भल्या माणसानं ते पान वाचलं नव्हतं आणि आम्ही वाचलं नव्हतं म्हणून त्याचं खरं मानलं गेलं.

पानाचं झेरॉक्स घरी नेलं आणि मायला वाचून दाखवलं. तिनं शांतपणे ऐकलं. साहेबाचं नाव दोनदा म्हणायला लावलं. मग विचारलं, "त्याची माय बी रोजानं जात व्हती का?"

मी झेरॉक्सची घडी करून पिशवीत ठेवली.

आता मी जिल्ह्यातल्याच एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. करार अजून चालू आहे. आता त्यात आमच्यासकट चार कॉलेजं आहेत, आणि क्रॉसिंगचं प्रशिक्षण यंदा आमच्याकडं आलं. नियमांचा कागद तोच, जुनाच, फक्त नव्या अक्षरांत. तिसरा नियम, नखे कापलेली असावीत. त्याच्यावर मी कॉलेजच्या सभेतच लाल पेनानं काट मारली आणि लिहिलं, शेतातल्या प्रशिक्षणाला उजव्या अंगठ्याचे नख वाढवून यावे. प्रशिक्षकाच्या रकान्यात मायचं नाव घातलं. शिक्षणाच्या रकान्यात काय लिहायचं, असं प्राचार्यांनी विचारलं. मी त्या पानाचं झेरॉक्स जोडलं. ते म्हणाले, मॅडम, कशाला वाद? मी म्हटलं, ती नसेल तर आपलं कॉलेज या करारात नाही. असं म्हणायचा मला काडीचा अधिकार नव्हता, पण म्हटलं आणि ते टिकलं.

मागच्या महिन्यात, दुपारी तीनला, पोरं-पोरी प्लॉटवर जमली. माय नवं लुगडं नेसून आली होती आणि त्यावरून माझ्याशी भांडली होती, कारण नव्या लुगड्यात वाकता येत नाही. कंपनीचा तरुण अधिकारी हजेरीपत्रक घेऊन आला. मुलं सह्या करत गेली. मायपुढं त्यानं कागद धरला आणि तिनं अंगठा पुढं केला, तसा तो अडखळला. फार सभ्य मुलगा होता. माझ्याकडं वळून हळूच म्हणाला, "मॅडम, प्रशिक्षकाच्या जागी अंगठा चालत नाही. सही लागते."

मी तोंड उघडलं. इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं तोंडाशी आलं होतं. पण मायनं मला हातानंच थांबवलं आणि त्याला म्हणाली, "बाबा, पोरं अंगठा शिकायला आल्यात. सही शिकायला आल्यात का?"

तो वळला आणि गाडीतून शाईचा पॅड घेऊन आला. मायनं प्रशिक्षकाच्या रकान्यात अंगठा दाबून, नीट वळवून उठवला. मुलं कपाशीच्या ओळीत उभी राहून बघत होती, आपापली वाढलेली नखं घेऊन. ती वळली, ओळीपाशी गेली, कळीला हात घालणार तेवढ्यात थांबली. अंगठा वर धरून म्हणाली, "जल्दी पाणी द्या आधी. शाईच्या अंगठ्यानं कळी धरत नसतेत."