साक्रीच्या बाजारातली शिळी यादी

आमच्या संघटनेची वेबसाइट पहिल्यांदा बंद पडली तेव्हा मी सरळ पत्रक लिहायला घेतलं. मथळा होता, "आवाज दाबण्याचा डाव". दोन परिच्छेद लिहून झाल्यावर सर्व्हरचे लॉग, म्हणजे कुणी केव्हा काय उघडलं याच्या नोंदी, उघडले आणि कळलं की डाव कुणाचाच नव्हता. साक्रीच्या आठवडी बाजारात आपल्याच माणसांनी एकाच वेळी एकच पान उघडलं होतं, एवढंच. मी दोन्ही परिच्छेद पुसून टाकले. मथळा मात्र जपून ठेवला, कधीतरी लागेलच म्हणून.

ते पान म्हणजे सुनावणीची यादी. वनहक्काचे जे दावे नामंजूर झाले होते त्यांची फेरसुनावणी धुळ्याला सुरू होती. कुणाची सुनावणी कोणत्या दिवशी, याची यादी कार्यालयाच्या आतल्या व्हरांड्यात, काचेच्या फळ्यात लावलेली असे. साक्रीच्या पलीकडच्या डोंगरातल्या माणसाने आपलं नाव बघायला दिवस मोडून धुळ्याला यायचं, आणि नाव नसलं तर तसंच परत जायचं. हे कार्यालयाला गैर वाटत नव्हतं. यादी लावली, त्यांचं काम संपलं.

म्हणून आमचे नाना रोज सकाळी त्या फळ्याचा फोटो काढत. नाना निवृत्त शिक्षक, धुळ्यात राहतात, संघटना तेच चालवतात. फोटोवरून ते दोन बोटांनी यादी टाइप करत आणि वेबसाइटवर चढवत. मी जळगावला, पिंप्राळ्यात. माझं काम पत्रकं लिहिण्याचं. सर्व्हर माझ्या गळ्यात पडला तो लॅपटॉप फक्त माझ्याकडे होता म्हणून. बाकीचं मी चुकत चुकत शिकले.

बाजाराच्या दिवसाची गोष्ट वेगळी असते. वरच्या गावांमध्ये रेंज नाही. आठवडाभराचं सगळं साक्रीला आल्यावर बघायचं. एकजण चहाच्या टपरीवर यादी मोठ्याने वाचून दाखवी, पण ऐकून कुणाचं समाधान होत नसे. "तुमचं काम झालंय" हे त्या माणसांनी आयुष्यभर तोंडी ऐकलेलं. आता प्रत्येकाला आपलं नाव आपल्या डोळ्यांनी, आपल्या फोनवर बघायचं होतं. फोन नसला तर शेजाऱ्याच्या. त्यामुळे अकरा ते एक या दोन तासांत सगळे फोन आमच्या सर्व्हरवर. आमचा सर्व्हर भाड्याचा, लहान. दर वेळी तो सगळी माहिती काढून अख्खी यादी नव्याने मांडायचा. शे-दोनशे जणांनी एकदम मागितली की आडवा व्हायचा.

यावर उपाय असतो, त्याला कॅशिंग प्रॉक्सी म्हणतात. नानांना मी तो झेरॉक्सवाल्यावरून समजावला. तहसीलबाहेरचा झेरॉक्सवाला प्रत्येक गिऱ्हाइकासाठी मूळ अर्ज शोधायला आत जात नाही. एकदा प्रती काढतो, गठ्ठा पुढ्यात ठेवतो आणि देत राहतो. प्रॉक्सी तेच करतो. पुढे उभा राहतो, पानाची प्रत स्वतःजवळ ठेवतो, मागच्या सर्व्हरला त्रास देत नाही.

बसवला, तरी पहिल्या आठवड्यात काही फरक पडेना. दहातल्या नऊ मागण्या तशाच मागे जात होत्या. शोधता शोधता कारण सापडलं, पानाच्या तळाशी. नानांनी हौसेने एक आकडा लावून घेतला होता, "आपण अमुकावे भेट देणारे". तो आकडा प्रत्येक फोनवर एक खूण सोडायचा, आणि खूण दिसली की प्रॉक्सी समजायचा, हे पान या एकाच माणसाचं आहे, दुसऱ्याला देता येणार नाही.

मी आकडा काढा म्हटलं. नाना फोनवर म्हणाले, "अगं, तो मी सभेत सांगतो."

"आकडा ठेवा नाहीतर यादी ठेवा," मी म्हटलं.

आकडा गेला. दोन दिवस ते माझ्याशी कामापुरतं बोलले. पुढे दुसरी भानगड निघाली. लिंक फॉरवर्ड होत होत तिच्यामागे अक्षरांचं शेपूट वाढायचं आणि दर शेपटाला प्रॉक्सी वेगळं पान समजायचा. शेपूट आधी कापा, मग बघा, असं त्याला सांगितलं. मेमरी वाढवून दिली. मागचा सर्व्हर दमलाच तर जवळची जुनी प्रत दे, पण कुणाला रिकाम्या हाताने पाठवू नको, हेही लिहिलं.

शेवटी एक प्रश्न उरला, प्रत किती वेळ ठेवायची. मी लिहिलं, एक दिवस. फार विचार केला नाही. माझा हात पत्रकांवर बसलेला. पत्रक एकदा छापलं की छापलं, ते वाटायचं असतं, दुपारी बदलायचं नसतं. यादीसुद्धा मला तशीच वाटली.

पुढच्या बाजारी वेबसाइट हलली नाही. दहातल्या नऊ मागण्या प्रॉक्सीच भागवत होता. मी ग्रुपवर लिहिलं, अख्खी साक्री आली तरी आता पडणार नाही. अंगठ्यांची रांग लागली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

त्यानंतरच्या गुरुवारी मी दुसऱ्या एका अर्जासाठी धुळ्याला गेले होते. नाना सोबत होते. कार्यालयाच्या खिडकीशी एक अक्का उभ्या होत्या, साक्रीच्या वरच्या अंगाच्या. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद. मी त्यांना सभांमधून ओळखत होते. नवरा वारल्यापासून तो दोन एकरांचा तुकडा त्या एकट्या कसतात. खिडकीतला माणूस सांगत होता की तुमची सुनावणी मंगळवारीच झाली, तुम्ही गैरहजर, दावा नामंजूरच राहिला.

मी पुढे झाले. तारीख बदलली तर कळवली का, नोटीस कुणाच्या हातात दिली, असं सगळं एका दमात विचारलं. आवाज चढलेला. त्याने शांतपणे फळ्याकडे बोट केलं. नवी यादी रविवारी सकाळीच लागली होती, म्हणाला, सुट्टी असून. नानांनी मान डोलावली. खरंच होतं. त्यांनी फोटो काढून दहा वाजता ती चढवलीही होती. मला आठवलं, मी स्वतः पाहिली होती.

मग अक्कांनी त्यांचा फोन पुढे केला. "मी बेस्तरवारले उनू. आठे तेच लिखेल शे," त्या म्हणाल्या.

पान उघडंच होतं. रविवारी बाजारात, अकरा वाजून गेल्यावर उघडलेलं. त्यावर त्यांच्या नावापुढे गुरुवारच होता, त्यांचा बेस्तरवार.

मला समजायला एक क्षणही लागला नाही. नाना आणि मी यादी बघायचो ती आतल्या दाराने, पासवर्ड टाकून. आमच्या वाटेत प्रॉक्सी नव्हता. आम्हाला नेहमी ताजी यादी दिसायची. बाजारात उभ्या असलेल्या माणसाला आदल्या दिवसाची झेरॉक्स मिळत होती, तीही माझ्या हुकमाने, एक दिवसभर. अक्कांच्या गावाला रेंज नाही. त्यांना तो एकच दिवस होता.

आम्ही तिघं बाहेर कडुनिंबाखाली बसलो. नानांनी रस्ता सुचवला. नोटीस घरी पोचवली नाही, असा अर्ज करू. ते खरंच होतं, नोटीस कुणालाच पोचली नव्हती. पण तसे अर्ज आत ढिगाने पडलेले होते, आम्हीच दिलेले, आणि एकाचीही तारीख परत लागलेली नव्हती. अक्कांचा अर्ज त्या ढिगात गेला असता, म्हणजे जमीन गेली असती.

माझ्याकडे दुसरी गोष्ट होती. सर्व्हरचा लॉग. दहा वाजता नवी यादी चढली, अकरानंतर जुनी प्रत दिली गेली, दोन्ही वेळेसकट. अक्का चुकल्या नव्हत्या याचा तो एकच पुरावा, आणि तो आमच्याविरुद्ध होता. तो जोडून कार्यालयाला पत्र देऊ, मी म्हटलं.

"उद्या हेच पत्र आपल्या तोंडावर मारतील," नाना म्हणाले. रागावले नव्हते. पुढचं दिसत असल्यासारखं बोलले.

अक्कांनी मला विचारलं, काय लिहिणार. मी सांगितलं, चूक माझी झाली, ती लिहिते. त्यांनी पिशवीची गाठ मारली. "तुन्ही चूक शे ते तुन्हा नाववर लिख. मन्हा नाववर कसाले?"

मी लिहिलं. आयुष्यात शेकडो पत्रकं लिहिली असतील, सगळ्यांचा कर्ता कुणीतरी दुसरा: प्रशासनाने केलं, कार्यालयाने दडपलं. "मी एक दिवसाची मुदत ठेवली" हे वाक्य लिहायला मला पाच-सहा खाडाखोडी लागल्या. रस्त्यापलीकडच्या झेरॉक्सवाल्याकडे लॉगची छापील प्रत काढून सोबत जोडली.

सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी पत्र दोनदा वाचलं. संघटनेकडून असलं पत्र पहिल्यांदाच बघतोय, म्हणाले. हसले नाहीत, हे चांगलं केलं. "गैरहजर" हा शेरा खोडून सही केली आणि पुढची तारीख दिली. अक्कांनी ती दोनदा म्हणवून घेतली.

त्याच दुपारी नानांच्या घरी बसून मी प्रॉक्सी बदलला. नानांनी यादी चढवली रे चढवली की जुनी प्रत फेकून द्यायची. एरवीही पाच मिनिटांवर ठेवायची नाही. मागचा सर्व्हर बंद असेल तर जुनी तारीख दाखवायची नाही, "यादी आत्ता दिसत नाही, नानांना फोन करा" एवढंच दाखवायचं. आणि पानाच्या डोक्यावर मोठ्या आकड्यांत, ही यादी केव्हा काढली त्याची वेळ. यामुळे मागच्या सर्व्हरचं काम वाढलं, बाजारी पान थोडं रेंगाळतं. रेंगाळू दे.

नाना म्हणाले तसंच झालं. पुढे नोटिशींवरून आम्ही तक्रार केली तेव्हा तिच्या उत्तराला माझ्या पत्राची प्रत जोडून आली. नानांनी ती मला दाखवली आणि फाइलला लावली.

अक्का नव्या तारखेला हजर होत्या. निकाल अजून यायचाय, तोही यादीतच येणार. त्यांना अक्षरं कमी येतात, आकडे सगळे येतात. दर बाजारी, साक्रीहून, त्या मला फोन लावतात. "हाई आजनं शे ना?" विचारतात आणि पानाच्या डोक्यावरची वेळ वाचून दाखवतात. मी घड्याळ बघते, मग हो म्हणते.