काहीही घ्या, शंभर रुपये

आयुष्यात मी एकच दुकान काढलं, आणि ते सासुरवाडीच्या एका लग्नात बुडालं.

दुकानाचं मूळ इंग्लंडात आहे. शेजारचा प्रफुल्ल तिकडे नोकरीला. सुट्टीवर आला तेव्हा सांगत होता, की तिथल्या काही दुकानांत काहीही उचला, किंमत एकच पौंड! साबण एक पौंड, छत्रीही एक पौंड. गोरी माणसं टोपल्या भरभरून नेतात म्हणे. झालं! महिन्याभरात गडचांदूरच्या बसस्टँडजवळ माझा बोर्ड झळकला: 'काहीही घ्या, शंभर रुपये'.

दुकान असं चाललं की विचारू नका. कोरपन्यापासून राजुऱ्यापर्यंतची गिऱ्हाइकं यायची. अडचण एवढीच, की घासाघीस केल्याशिवाय आपल्या माणसाला काही घेतल्यासारखं वाटत नाही. एक बाई तर बादली हातात धरून अर्धा तास उभ्या. "बोर्डावर शंभर हाये, ते दिसून राह्यलं. पण देऊन राह्यले कितीले?" मी मात्र ढळलो नाही. शेवटी तालुक्यातल्या शेंबड्या पोरालाही माझा भाव पाठ झाला. मला त्याचा केवढा अभिमान! (तिथंच सावध व्हायला हवं होतं.)

मग माझ्या साळ्याच्या, म्हणजे सुरेशभाऊच्या, मुलीचं लग्न निघालं. माझी बायको शोभा म्हणाली, एकुलती एक भाची आहे, चांदीचं काहीतरी घेऊ. मी म्हटलं, घरचं दुकान असताना बाहेर कशाला खर्च? आणि सगळ्यात मोठं भिंतीवरचं घड्याळ काढलं. सोनेरी काठ, आत दोन मोर! हजाराच्या खाली कोणी बोलणारच नाही, अशी माझी पक्की खात्री.

"माह्या माहेरी मले मान खाली घालाले लावू नका जी," शोभा म्हणाली. मी घड्याळाला अजून एक चमकी कागद गुंडाळला.

लग्नाला ही गर्दी! आहेर माईकवर पुकारायची पद्धत. आमची पाळी आली, कागद निघाला, आणि मांडवभर आवाज घुमला, "गडचांदूरच्या शोभाताई आन् भाऊजींकडून, मोरवालं घड्याळ."

मागच्या खुर्च्यांतून कोणीतरी शांतपणे म्हणालं, "शंभर."

मग बायकांच्या बाजूने आलं, "शंभर." वाजंत्री म्हणाले, आचारी म्हणाले, नवरदेवाचा मामा म्हणाला. नंतर तर सगळा मांडव एका सुरात! माईकवाला माझंच गिऱ्हाईक. त्याने घड्याळ उलटं करून पाहिलं आणि प्रामाणिकपणे जाहीर केलं, "सेल अलग घ्या लागन." शोभाने पदर तोंडावर ओढला तो घर येईपर्यंत.

दुसऱ्या आठवड्यापासून दुकानात माश्या. माझ्याकडची वस्तू आता कोणाला भेट देण्याची सोय उरली नव्हती, आणि घरात वापरायला माणूस बादल्या तरी किती घेईल? चार महिन्यांत बोर्ड उतरला. प्रफुल्लने फोनवर कळवलं, तिकडचीही पुष्कळ दुकानं बंद पडून राहिलीत. (तिकडे महागाईने, इकडे मोरांनी!)

दुकानाचं दुःख मी पचवलं. पण शोभा माहेरी जाईना, सणाला नाही की कुणाच्या आजारपणाला नाही, आणि त्याचं मला खरोखर वाईट वाटत होतं. शेवटी दिवाळीत बँकेतली ठेव मोडली, चंद्रपूरच्या सराफाकडून भाचीसाठी सोन्याची अंगठी घेतली आणि शोभाला समजावून तिच्या माहेरी नेलं.

सुरेशभाऊने अंगठी उजेडात धरली, फिरवून पाहिली, आत जाऊन वहिनींना दाखवली. बाहेर आले ते हसतच. शोभाची मान कितीतरी महिन्यांनी वर झाली. माझा तर ऊर भरून आला.

मग सुरेशभाऊने मला बाजूला घेतलं आणि माझ्या हातात शंभराच्या दोन नोटा ठेवल्या.

"भाऊजी, माल लय चांगला हाये. दुकानातल्या उरल्या असतीन, तं अजून दोन पाठवा."

शोभा दारातून कौतुकाने आमच्याकडे पाहत होती. मी नोटा मुकाट्याने खिशात घातल्या आणि विचारलं, "कोणत्या मापाच्या पाठवू?"