सुपातला पास्ता

कणकेच्या गोळीवर अंगठा दाबून ओढला की तिला कानाच्या पाळीसारखा खळगा पडतो. लेकीनं फोनवर तसंच सांगितलं होतं. "आई, हा माझ्या सासूबाईंच्या हातचा पास्ता. इथे इटलीत रविवारी घरोघरी करतात. तूही करून बघ, मजा येईल."

मी बारीक रवा घट्ट मळला, शेगडीवर लसूण घालून टोमॅटो रटरटत ठेवले आणि वळायला बसले. दहा-बारा झाले असतील. माझं लक्ष नसताना बोटांनी आपलंच सुरू केलं. चिमटीत कणीक धरून ती गव्हले वळू लागली, गव्हाच्या दाण्याएवढे, टोकांना निमुळते. आमच्याकडे लग्न ठरलं की आधी सवाष्णी बसून गव्हले वळतात, बाकीची तयारी मग. माझ्या लग्नाचे आईनं वळले होते. लेकीचे वळायची वेळच आली नाही. तिनं लग्न केलं आणि मग कळवलं.

आपल्याला येतं ते पुढे कुणाला तरी द्यायचं, असं धरून चाललेलो असतो आपण. घेणारं कुणी नसलं, तर ते आपल्याबरोबरच संपतं. बोटांना हे कोण सांगणार?

आमचे हे चहा मागायला आत आले आणि सुपात पसरलेले दाणे पाहून थबकले.

"अगं, कुणाचं लग्न ठरलं?"

"झालं," मी म्हटलं. "गेल्या महिन्यात."

मी उकळत्या पाण्यात मीठ टाकलं आणि सूप उपडं केलं.